सात गुंड्यांचं प्रकरण

संशयाची सुरुवात एका कोरड्या टॉवेलापासून झाली.

दर बुधवारी चिन्मयच्या शाळेत स्प्लॅश पूल असे. पूल म्हणजे फुगवलेली रबरी टाकी, तिच्यात गुडघाभर पाणी आणि त्या पाण्यात पहिली-बीची बत्तीस मुलं. एप्रिल सरता सरता फरीदाबादेत नळाला चहाचं आधण येतं. अशा दिवसांत सहा वर्षांचं पोर टॉवेल घडीसकट परत आणतं, आणि तेही सलग तीन बुधवार, म्हटल्यावर कुठल्याही आईच्या मनात पाल चुकचुकेल. स्वरूपाच्या मनात तर पाली मुक्कामालाच असत. दुधाची पिशवी ती उजेडाकडे धरून बघे. भाजीवाल्याने ‘ताजा है’ म्हटलं की ती जुडी खाली ठेवी आणि शेजारची उचले.

तिने टॉवेल हुंगला. नुसता साबणाचा वास.

“पूलमध्ये का नाही गेलास?”

“पाणी ठंडं असतं.”

“एप्रिलमध्ये?”

“बहोत ठंडं,” असं म्हणून चिन्मयने दात वाजवून दाखवले. पुरावा इतक्या तत्परतेने हजर झाला की स्वरूपाचा संशय पक्का झाला. डायरीत निधी मॅमनी इंग्रजीत लिहिलं होतं की चिन्मयची भाग घेण्याची इच्छा नव्हती. हे वाक्य तीनही बुधवारी शब्दशः तेच होतं, म्हणजे डायरीही संशयास्पद.

स्वरूपाने आधी क्लोरीनवर संशय घेतला, मग कुणी दांडगा मुलगा बुडवतो की काय यावर, मग निधी मॅमवर. नवऱ्याला, सुधन्वाला, तिने हे सगळं सांगितलं. सुधन्वा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. घरात काहीही झालं की आधी ते लेखी मागण्याची त्याला सवय. तो म्हणाला, “मुलाचं म्हणणं काय आहे, ते रेकॉर्डवर घे.”

रेकॉर्डवर ते आजीने घेतलं. सुधन्वाच्या आई, कुमुदबाई, दोन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. अंघोळ घालताना चिन्मयने त्यांना सगळं सांगितलं आणि वर ‘आईला नको सांगू, प्रॉमिस’ असंही म्हटलं. कुमुदबाईंनी प्रॉमिस केलं. ते त्यांनी त्याचं अंग पुसून होईपर्यंत कसोशीने पाळलं.

“अगं, पाण्याला नाही घाबरत तो. शर्टाला घाबरतो.”

पूलमधून बाहेर आलं की मुलांनी आपले कपडे आपणच घालायचे, असा पहिलीचा नियम होता. बाकी एकतीस जण बटणं लावून दाराशी रांगेत उभे राहत आणि चिन्मय बाकाजवळ तिसऱ्या बटणाशी झुंजत असे. मग रांगेतून कुणीतरी सुरू करी, ‘चिन्मय लेट, चिन्मय लेट’. शेवटी आया दीदी येऊन खटाखट बटणं लावून देत आणि सगळी पहिली-बी ते बघत असे. यावर चिन्मयने मुळावरच घाव घातला होता. ओलंच व्हायचं नाही, म्हणजे शर्ट काढायचा नाही, म्हणजे लावायचा नाही.

स्वरूपाला वाईट वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, खरं सांगायचं तर, अपमानही वाटला. रोज सकाळी बस खाली हॉर्न देत असताना ती अकरा सेकंदांत त्याची सात बटणं लावी. त्या अकरा सेकंदांचा तिला अभिमान होता. तो अभिमानच आरोपी निघाला.

सुट्टी लागायला तीन आठवडे होते. म्हणजे तीन बुधवार.

पहिला बुधवार वेल्क्रोत गेला. ती कल्पना शेजारच्या ढींगरा आंटींची. “बेटा, चिपकानेवाला लगा दे, दो मिनट का काम है.” काम खरंच दोन मिनिटांचं होतं. पण प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा डोळे मिटून शांत उभी असताना चिन्मयने शर्ट वरपासून खालपर्यंत उघडला. चर्रर्र. मग लावला. मग खात्री करून घ्यायला पुन्हा उघडला. डायरीत या वेळी नवीन वाक्य आलं.

“आमच्या वेळी असली भानगड नव्हती,” कुमुदबाई म्हणाल्या. “बंडीला कापडाच्या गुंड्या असायच्या. एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला फासा. डोळे मिटून लागायच्या.”

“गुंडी म्हणजे बटणच ना, आई?”

“बटण बाजारात मिळतं. गुंडी घरात करावी लागते.”

चिन्मय जेवता जेवता थांबला. त्याचा जन्म इथलाच. मराठी त्याला येई ती जेवण-झोप-अंघोळीपुरती, आणि गुंडी हा शब्द त्या हद्दीत कधी आला नव्हता. “गुंडी म्हणजे लेडी गुंडा?”

सगळे पोट धरून हसले. दुधाच्या पिशवीवरसुद्धा संशय घेणाऱ्या स्वरूपाला याच वाक्याचा संशय यायला हवा होता. नेमका तेव्हा आला नाही.

तर बेत ठरला. शाळेच्या शर्टाचा खाका तसाच ठेवायचा, फक्त काज-बटणं जाऊन गुंड्या-फासे येणार. लांबून बघणाऱ्याला फरक कळता कामा नये. स्वरूपाने जुना शर्ट उसवला, सुधन्वाच्या मंत्रालयाच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पसरला आणि पेन्सिलीने गिरवला. आता यात एक मेख असते. नेहमीच्या शर्टाचे पुढचे दोन्ही भाग मधल्या रेषेच्या पलीकडे बोटभर जास्त असतात, म्हणून एक काठ दुसऱ्यावर चढतो. फासे लावायचे तर ते काठातून बाहेर येतात. म्हणून फाशांच्या बाजूचं ते बोटभर कापड काढायचं आणि गुंड्यांच्या बाजूचं ठेवायचं, नाहीतर फटीतून बनियन दिसतं. स्वरूपाने हे व्हिडिओत दोनदा बघितलं होतं. एका बाजूचं काढलं, तेवढ्यात बेल वाजली. कुरियरवाल्याला ओटीपी सांगून ती परत आली आणि काढायचं आहे एवढंच लक्षात असल्यामुळे तिने दुसऱ्या बाजूचंही काढलं.

शिवून झाल्यावर शर्ट चिन्मयला घातला. दोन्ही काठ एकमेकांकडे बघत राहिले. सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखे.

ढींगरा आंटी कढीपत्ता मागायला आल्या होत्या. त्यांनी चिन्मयभोवती एक चक्कर मारली. “अच्छा है. हवा आती रहेगी.”

स्वरूपाने हसून कढीपत्ता दिला. दोन काड्या कमी दिल्या.

सुधन्वाचं म्हणणं, ही कामं परवानगीशिवाय करू नयेत. त्याने शाळेला पत्र लिहिलं. विषय : कक्षा पहली-बी के छात्र की वर्दी में बंधन-पद्धति के आंशिक परिवर्तन हेतु अनुमति. उत्तर आलं नाही. आठवडा झाला तरी आलं नाही. सुधन्वा मात्र समाधानी होता. “नकार नाही आला ना? मग फाइल फिरतेय.”

शेवटी स्वरूपा खाका घेऊन मार्केटमधल्या मास्टरजींकडे गेली. शिंप्यांबद्दल तिचं मत असं की कापड त्यांच्या हाती गेलं की विरघळतं. म्हणून ती चिन्मयला घेऊन दुकानातल्या स्टुलावरच बसून राहिली. मास्टरजींनी कॅलेंडरचा कागद उलटसुलट करून पाहिला.

“मैडम, बाजू काटने में आपने छब्बीस जनवरी काट दी.”

“आप कपड़ा देखिए.”

मास्टरजींनी कापड पाहिलं, बेतलं, शिवलं. स्वरूपाने चिंध्यासुद्धा मोजून पिशवीत भरल्या. फासे डाव्या काठाला, गुंड्या उजव्या, जशी मुलांच्या शर्टाची रीत. काठाला काठ असा भिडला की स्वरूपाला मास्टरजींविषयी आदर वाटणार होता. पण तिने तो आवरला. तिने चिन्मयला समोर उभं करून सातही गुंड्या लावल्या. नऊ सेकंद!

“आता तू.”

चिन्मयने सुरुवात केली. हात आडवा गेला, कोपर वर आलं, गुंडी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. जीभ बाहेर आली. चौथ्या खेपेला त्याने हात खाली सोडले आणि दुकानातल्या पंख्याकडे बघत म्हणाला, “मला पूल आवडतच नाही.”

स्वरूपाने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि मास्टरजींकडे रोखून पाहिलं. फासे लहान केले असणार. मुद्दाम.

मास्टरजी कात्री ठेवून पोराकडेच बघत होते. “खब्बू है क्या?”

“हाँ. मतलब, लिखने में.”

“लिखने में खब्बू, और बटन में सीधा?” मास्टरजींनी चष्मा कपाळावर चढवला. “कमीज़ सीधे हाथवालों की है, मैडम. और आप सामने से लगाती हो, आपको तो सब आसान है. यह पहनेगा कौन, आप कि बच्चा?”

चिन्मय डाव्या हाताने जेवे, चित्रं काढी, ढींगरा आंटींच्या दाराची बेल वाजवून पळे, हे सगळं तिला माहीत होतं. पण शर्टालाही उजवा-डावा हात असतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात यायला शर्ट त्याच्या बाजूने बघावा लागतो. तिने तो सहा वर्षं समोरून पाहिला होता.

“पलट देता हूँ,” मास्टरजी म्हणाले. “पर फिर लड़कियोंवाली साइड हो जाएगी.”

“होऊ दे,” स्वरूपा मराठीतच म्हणाली. त्यांना कळलं.

या सगळ्यात दुसरा बुधवार कोरडाच गेला. राहिला एक.

तिसऱ्या शर्टाच्या गुंड्या कुमुदबाईंनी घरात वळायला घेतल्या, त्याच मोजून आणलेल्या चिंध्यांच्या. तिरकी पट्टी कापायची, तिची दोरी करायची आणि दोरीची गाठ अशी ओढायची की तिचा मणी होतो. स्वरूपा घरूनच एका विमा कंपनीचं काम करी. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तीही गाठी वळू लागली. एकदा कॅमेरा बंद आहे अशी नुसती समजूत होती. साहेबांनी विचारलं, “स्वरूपा, आप दाँत से क्या तोड़ रही हैं?” ती म्हणाली, “सर, नेटवर्क.”

कुमुदबाई बाल्कनीत बसून धाकट्या बहिणीला, वासंतीला, रोजचा अहवाल देत. पुण्यापर्यंत आवाज पोचायचा तर तो मोठाच लागतो, अशी त्यांची अजून समजूत. “हो गं, सात गुंड्या धरल्यात. चार काल फाशात अडकवल्या. एक सुटली होती, तिला दाबून परत घातली. बुधवारच्या आत सगळ्या अडकल्या पाहिजेत. शाळेत जायचंय ना!”

पलीकडच्या बाल्कनीत ढींगरा आंटी पापड वाळत घालत होत्या. मराठी त्यांना तेवढीच कळे, जेवढी हिंदी माणसाला आपोआप कळते. म्हणजे सगळ्यात धोकादायक तेवढी.

दुसऱ्या दिवसापासून स्वरूपाला काहीतरी वेगळं जाणवू लागलं. गेटवरचा गार्ड तिला बघून उठून उभा राहू लागला. “मैडम, सब ठीक? कोई परेशान तो नहीं कर रहा?” ढींगरा आंटी कढीपत्ता मागायला येईनाशा झाल्या. लिफ्टमध्ये कुमुदबाई शिरल्या की बाकीचे जिन्याने जात. स्वरूपाने यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला की सोसायटीत नक्की काहीतरी शिजतंय आणि आपल्यापासून लपवलं जातंय. तिने दाराला जादा कडी बसवून घेतली. ती कडी बसवताना ढींगरा आंटींनी दाराच्या भिंगातून बघितलं आणि आपल्याही दाराला बसवून घेतली.

सोमवारी शाळेतून मेल आला. उद्या भेटा, घरातल्या ज्येष्ठ व्यक्तींनाही आणा.

“बघ,” सुधन्वा म्हणाला, “फाइल हलली.” त्याला रजा नव्हती. स्वरूपा आणि कुमुदबाई गेल्या, पिशवीत नवा शर्ट घेऊन.

को-ऑर्डिनेटर मॅडमच्या खोलीत निधी मॅम आधीच बसल्या होत्या आणि त्यांची नजर जमिनीवरून उठत नव्हती. को-ऑर्डिनेटर मॅडमनी कुमुदबाईंना वरपासून खालपर्यंत निरखलं. नऊवारी नाही, साधी कॉटनची साडी, हातात पिशवी. पिशवीवर त्यांची नजर जरा जास्तच थांबली.

“देखिए, हम किसी को जज नहीं करते,” त्या म्हणाल्या. “बस साफ़-साफ़ बताइए. घर में कितनी हैं?”

“सात,” स्वरूपा म्हणाली. अर्ज वाचून बोलावलंय तर सरळ उत्तरं द्यावीत.

“सात! और इन्हें तैयार कौन करता है?”

“चिन्मय की दादी. मैं तो सिर्फ़ फंदे में डालती हूँ.”

निधी मॅमनी पाण्याचा ग्लास उचलला.

“बच्चे के सामने?”

“जी, उसी के लिए तो कर रहे हैं. वह भी हाथ लगाता है. बहुत खुश होता है.”

“और अगर कोई... छूट जाए?”

“तो खींचके, दबाके, वापस,” कुमुदबाई उत्साहाने म्हणाल्या आणि अंगठा-बोटाने दाबून दाखवलं. “पहली बार में गला थोड़ा टाइट रहता है. बाद में ढीला पड़ता है.”

मग को-ऑर्डिनेटर मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. ‘माय फॅमिली’ या विषयावर चिन्मयने वर्गात जे सांगितलं, ते निधी मॅमनी उतरवून घेतलं होतं : मेरे पापा फाइल चलाते हैं. मेरी आजी गुंडी बनाती है. मेरी मम्मी गुंडी को फँसाती है. बुधवार को मैं सबको स्कूल लाऊँगा.

स्वरूपाने तो कागद दोनदा वाचला. मग गेल्या आठवड्यातला गार्ड, लिफ्ट, कढीपत्ता, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून एकापाठोपाठ एक गेलं. सोसायटीत काय शिजत होतं ते आता कळलं. तीच शिजत होती.

“बटन!” ती जवळजवळ ओरडली. “मराठी में गुंडी मतलब बटन! आई, शर्ट काढा.”

कुमुदबाईंनी पिशवीत हात घातला. निधी मॅम खुर्चीसकट मागे सरकल्या. बाहेर आला पांढरा शर्ट, त्यावर सात पांढऱ्या गुंड्या, हरभऱ्याएवढ्या, एकसारख्या.

निधी मॅमना हसू आवरेना. को-ऑर्डिनेटर मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शर्ट हातात घेतला, काठ चाचपला, आणि त्यांच्या कपाळावर खरी आठी आता पडली. “यह तो गर्ल्स साइड है.”

टोळी चालवणं एक वेळ समजून घेता आलं असतं. गणवेश वेगळा.

“बच्चा लेफ़्ट-हैंडेड है,” स्वरूपा म्हणाली.

“यूनिफ़ॉर्म सबके लिए एक है. आप प्रैक्टिस कराइए. बाकी बच्चे भी तो सीख गए.”

स्वरूपाच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. अर्जाचं, डायरीतल्या त्या वाक्याचं, आया दीदींचं. ते सगळं गिळून ती म्हणाली, “एक बार उसको बुला लीजिए. फिर आप जो कहेंगी.”

म्हणाली खरी, आणि लगेच घाबरली. घरी त्याने पाच गुंड्यांपर्यंत मजल मारली होती. सात कधीच झाल्या नव्हत्या.

चिन्मय आला. आई, आजी, दोन मॅम आणि टेबलावर आपला शर्ट बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. अंगातला काढला, नवा घातला. खालून सुरुवात केली. डाव्या हाताच्या चिमटीत गुंडी, उजव्या बोटाने फासा ताणायचा. एक. दोन. तिसरीला फासा पिळला गेला. त्याने तो सोडून पुन्हा धरला. घड्याळ टिकटिक वाजायला लागलं, म्हणजे आधीही वाजतच असणार. चौथी. पाचवी. जीभ बाहेर आली. सहाव्या गुंडीला हनुवटी मध्ये येऊ लागली, आणि निधी मॅमचा हात, चांगल्या मनाने, पुढे झाला.

“हात नाही लावायचा!” कुमुदबाई कडाडल्या. मराठीत. पण त्या खोलीत ते सगळ्यांना कळलं. स्वरूपालासुद्धा, कारण तिचाही हात टेबलापर्यंत गेलेला होता.

सहावी. सातवी गळ्याशी, दिसतच नव्हती. त्याने डोळे मिटले आणि बोटांनी ती शोधली. सापडली. निसटली. सापडली.

“हो गया,” चिन्मय म्हणाला, आणि वर्गात खिचडी बनवायचा तास चाललाय, जाऊ का, असं विचारून निघूनही गेला.

को-ऑर्डिनेटर मॅडमनी अर्ज शोधला. तो त्यांच्याच ट्रेमध्ये होता. त्यावर त्यांनी लिहिलं : अनुमति, इस सत्र हेतु. आणि खाली कंसात, बहुधा स्वतःलाच समजावायला : सात बटन.

बुधवारी दुपारी बस आली. स्वरूपाने पिशवीतून टॉवेल काढला. तो इतका ओला होता की वह्याही भिजल्या होत्या, डबाही भिजला होता, आणि डायरीची शाई फुटून निधी मॅमनी काय लिहिलंय ते वाचताच येत नव्हतं. एरवी स्वरूपाने फोन करून विचारलं असतं. तिने डायरी उन्हात ठेवली.

गुरुवारी सकाळी ती नेहमीसारखी शर्ट घेऊन खाली वाकली, तर चिन्मयने तो तिच्या हातातून घेतला, बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली.

“अरे, बस येईल.”

“मी करतोय ना, यार!”

ती दाराशी उभी राहिली. आत सगळं शांत. फार शांत. तिने दाराला कान लावला. खाली हॉर्न वाजला. कुमुदबाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या आणि चहा पीत राहिल्या. दुसरा हॉर्न वाजला.

दार उघडलं. सहा गुंड्या लागल्या होत्या, फक्त एकेका घराने वर, आणि सातवी गळ्याशी मोकळीच होती. डावीकडची कॉलर कानापाशी गेली होती आणि पोटाशी एक फासा रिकामा लोंबत होता.

स्वरूपाचा हात उचलला गेला. चिन्मय एक पाऊल मागे सरकला आणि डोळे बारीक करून तिच्याकडे बघू लागला. ही नजर त्याने कुणाची उचलली, ते सांगायला नको.

“तू हात लावणार आहेस.”

“नाही.”

“लावणार आहेस. मला माहितेय.”

“नाही रे, राजा. छान लागलाय.”

तो तसाच निघाला, एका कानाला कॉलर चिकटवून. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत स्वरूपा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती. दूधवाला झाला, मास्टरजी झाले, सगळी शाळा झाली. आता तिचा भरवसा नव्हता तो फक्त त्या दोन हातांवर.